शाळेच्या अर्जातला धर्माचा रकाना: रिकामा सोडायचा, की काही लिहायचं?

कोरी_पाटी

मुलीचा पहिलीचा प्रवेश आहे. शाळा खासगी अनुदानित. आई-वडील वेगवेगळ्या धर्मांतले, लग्न १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली झालेलं. मुलीला तूर्तास कुठलाच धर्म लावायचा नाही, मोठी झाली की तिचं ती ठरवेल, असा विचार आहे. अर्जात ‘धर्म / जात / पोटजात / प्रवर्ग’ असे रकाने आहेत. कार्यालयातलं उत्तर ठरलेलं: ‘रिकामा ठेवून चालत नाही, पोर्टल पुढं जात नाही. वडिलांचा लिहा, सगळे तेच लिहितात.’

जाणकारांकडून नेमकं हवंय:

१) धर्म न लिहिण्याला कायद्याचा आधार आहे, की हे नुसतं तत्त्वाचं बोलणं?
२) आधार असेल तर रकान्यात अक्षरशः काय लिहायचं?
३) शाळा अडून बसली तर कुठं आणि कोणत्या क्रमानं जायचं?
४) पुढं जातीचा दाखला, वारसाहक्क, शिष्यवृत्ती यांत मुलीचं नुकसान होतं का?
५) परिपाठाला प्रार्थनेच्या वेळी हात जोडायला लावतात, त्याचं काय?

‘कशाला नसती उठाठेव’ हा सल्ला घरूनच पुरेसा मिळालाय. तो इथं नको.

---

कलमकसाई

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आधार आहे आणि तो चांगला भक्कम आहे.

मुंबई उच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४चा निकाल शोधा: डॉ. रणजित मोहिते आणि इतर विरुद्ध भारत सरकार. खंडपीठ न्या. अभय ओक आणि न्या. चांदूरकर यांचं. प्रकरण गंमतीचं आहे. याचिकाकर्ते नास्तिक नव्हते. येशूवर त्यांची श्रद्धा होती, पण आपण ख्रिस्ती किंवा अन्य कुठल्याही धर्माचे नाही, असं त्यांचं म्हणणं. तशी नोंद राजपत्रात छापून मागितली तर शासकीय मुद्रणालयानं अर्ज फेटाळला. मग कोर्टात गेले.

कोर्टानं संविधानाच्या कलम २५ कडे नीट पाहिलं. आपण ‘धर्मस्वातंत्र्य, धर्मस्वातंत्र्य’ म्हणत राहतो, पण त्या कलमात पहिला शब्द आहे सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य; धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं त्यानंतर येतं. ज्याला विवेकाचं स्वातंत्र्य आहे, त्याला ‘माझा कुठलाही धर्म नाही’ असं म्हणण्याचंही आहे. निकालाचा व्यवहारात उपयोगी पडणारा भाग शेवटी आहे: कोणत्याही अर्जात किंवा घोषणापत्रात धर्म सांगायची सक्ती कुणावरही करू नये, असं केंद्र आणि राज्य सरकारला व त्यांच्या यंत्रणांना बजावलंय.

हा निकाल महाराष्ट्राला तर लागू आहेच, गोव्यालाही आहे, कारण उच्च न्यायालय एकच. इतर राज्यांत तो बंधनकारक नाही, पण दाखवता येतो. तेलंगण उच्च न्यायालयानं २०२३ मध्ये जन्मनोंदणीपुरता असाच आदेश दिला. तमिळनाडूत तिरुपत्तूरच्या वकील स्नेहा यांना २०१९ मध्ये तहसीलदारानं ‘जात नाही, धर्म नाही’ असा दाखला दिला, तो तेव्हा बराच गाजला. आपल्याकडे मात्र वेगळ्या दाखल्याच्या मागे लागू नका. दाखला मागितला की देणारा नियम शोधतो, आणि नियम नसला की ‘नाही’ म्हणतो. रकान्यात लिहायला दाखला लागत नाही.

अवांतर: १० जानेवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या कोर्टांना सांगितलं की पक्षकारांच्या तपशिलात जात-धर्म लिहायची पद्धत बंद करा. कोर्टाच्या अर्जातून हा रकाना गेला. शाळेत तो ठाण मांडून आहे.

---

आवकजावक

कायदा वर आलाच आहे. कार्यालयात काय घडतं ते मी सांगतो, कारण खेळ सगळा तिथं होतो.

रकाना रिकामा सोडू नका. रिकाम्या रकान्याचा अर्थ कार्यालयात ‘पालक भरायला विसरले’ असा होतो. मग जनरल रजिस्टर (शाळेची विद्यार्थ्यांची मूळ नोंदवही) लिहिताना लिपिक आडनाव बघतो, वडिलांचं नाव बघतो आणि स्वतःच्या हातानं ‘हिंदू’ किंवा ‘मुस्लिम’ लिहून मोकळा होतो. त्यात खोडसाळपणा नसतो. रजिस्टरमध्ये कोरी जागा राहिली तर तपासणीत शेरा येतो, म्हणून तो भरतो. तुम्हाला कळतं ते थेट दहावीनंतर, शाळा सोडल्याचा दाखला हातात पडल्यावर.

आडवी रेघही नको. रेघेवर नंतर लिहिता येतं. ‘निरंक’ हा शब्द कार्यालयाला कळतो, पण तो संख्येसाठी वापरतात. सगळ्यात निर्विवाद शब्द ‘कोणताही नाही’. ‘निधर्मी’ चालेल, पण त्यावर वाद घालणारे भेटतात. अर्जाची छायाप्रत स्वतःकडे ठेवा.

जनरल रजिस्टर हे खरं कागदपत्र. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे त्या रजिस्टरातल्या ओळीची नक्कल, आणि पुढची शाळा त्या दाखल्यावरून आपलं रजिस्टर लिहिते. म्हणजे पहिलीच्या नोंदीवर पुढची सगळी साखळी चालते. त्यामुळे अर्जासोबत असं पत्र द्या:

*प्रति, मा. मुख्याध्यापक*
*विषय: प्रवेश अर्जातील ‘धर्म’ या रकान्याबाबत*
*महोदय, आमच्या पाल्याच्या प्रवेश अर्जात धर्म या रकान्यात ‘कोणताही नाही’ असे नमूद केले आहे. पालक म्हणून ही आमची घोषणा आहे. जनरल रजिस्टरमध्ये हीच नोंद जशीच्या तशी घ्यावी. आडनावावरून किंवा पालकांच्या धर्मावरून अन्य नोंद घेऊ नये. आधार: भारताच्या संविधानाचे कलम २५ आणि मा. मुंबई उच्च न्यायालयाचा दि. २३ सप्टेंबर २०१४ रोजीचा निकाल (प्रत सोबत). अशी नोंद घेण्यास अडचण असल्यास कारण आणि संबंधित शासन निर्णयाचा क्रमांक व दिनांक लेखी कळवावा.*
*प्रत: मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक)*

पत्रावर आई आणि वडील दोघांच्या सह्या. एकाचीच असली की ‘दुसऱ्याची संमती आहे का’ हा नवा फाटा फुटतो. दोन प्रती न्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. नुसत्या सहीची पोच म्हणजे पोच नाही. सही कुणाची होती हे सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचल्याचा पुरावा जपा.

शेवटच्या वाक्याकडे लक्ष द्या, ‘शासन निर्णयाचा क्रमांक कळवावा’. पत्राचा जीव त्या वाक्यात आहे. क्रमांक शोधायला बसलं की बहुतेक कार्यालयं नमतं घेतात.

पोर्टलबद्दल: यू-डायसमध्ये, म्हणजे केंद्राच्या शाळा-माहिती प्रणालीत, विद्यार्थ्याची माहिती भरताना ‘अल्पसंख्याक गट’ विचारतात आणि तिथं ‘लागू नाही’ हा पर्याय आहे. राज्याच्या प्रणालीत यादीतूनच निवडावं लागत असेल तर ‘इतर’ घ्यायला सांगा आणि हे पत्रात नोंदवा. संगणकाच्या यादीत पर्याय नाही हा यादी बनवणाऱ्याचा दोष आहे. त्यासाठी पालकानं खोटी माहिती द्यावी असं कुठल्याही नियमात नाही.

अडून बसले तर क्रम असा. आधी एक गोष्ट: प्रवेश सोडू नका. वाद चालू ठेवून, हरकत लेखी देऊन प्रवेश घ्या. मूल घरी बसलं की दडपण तुमच्यावर येतं, शाळेवर नाही.

मुख्याध्यापकांकडून पंधरा दिवसांत लेखी उत्तर नाही आलं तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे. शहरात महापालिकेचा शिक्षण विभाग, शाळा कुणाच्या अखत्यारीत येते ते पाहून. सोबतीनं शिक्षणाधिकारी कार्यालयात माहितीचा अधिकार टाका: ‘प्रवेश अर्जात धर्म नमूद करणे सक्तीचे करणाऱ्या शासन निर्णयाची किंवा परिपत्रकाची प्रत द्यावी.’ एवढंच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, म्हणून त्यात भाषण घालू नका. मुदत ३० दिवस.

त्यापुढं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२. स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार, तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, त्यावर अपील राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे. मात्र शाळा अल्पसंख्याक दर्जाची असेल तर हा मार्ग बंद, कारण २०१४च्या प्रमती निकालानं त्या शाळा या कायद्यातून बाहेर काढल्या. कलम २५ मात्र तिथंही आहेच.

---

फाटा

आम्ही तर सांगतो सरळ ‘मानवता’ लिहा किंवा ‘भारतीय’ लिहा. झालं!

---

आवकजावक

@फाटा, भावना पोचली, पण कागदावर हे दोन्ही शब्द गोंधळ घालतात. ‘भारतीय’ हे राष्ट्रीयत्व, त्याचा रकाना शेजारीच असतो. लिपिक समजतो रकाना चुकला आणि दुरुस्त करतो. ‘मानवता’ लिहिलं की ते एखाद्या धर्माचं नाव समजून ‘इतर धर्म’ मध्ये जातं. धर्म नाही असं म्हणायचंय तर ‘नाही’ हा शब्द कागदावर दिसलाच पाहिजे.

---

दाखलाधारी

इथं थोडा ब्रेक लावतो. वरचं सगळं बरोबर, पण चौथ्या प्रश्नाचं उत्तर दोन्ही घरांच्या जातीवर अवलंबून आहे, आणि इथंच लोक तत्त्वाच्या भरात मुलाचं नुकसान करून बसतात.

आई किंवा वडील यांपैकी कुणीही अनुसूचित जातीचं असेल तर थांबा. १९५०च्या अनुसूचित जाती आदेशात परिच्छेद ३ आहे. हिंदू, शीख किंवा बौद्ध याव्यतिरिक्त वेगळा धर्म मानणारी व्यक्ती अनुसूचित जातीची समजली जाणार नाही, असं तो सांगतो. मुळात फक्त हिंदू होते. शीख १९५६ मध्ये आले, बौद्ध १९९० मध्ये. आता ‘कोणताही नाही’ लिहिणाऱ्याचं काय? शब्दशः वाचलं तर ज्याचा धर्मच नाही तो ‘वेगळा धर्म मानणारा’ नाही, असा युक्तिवाद होतो आणि माझ्या मते तो बरोबर आहे. पण जात पडताळणी समितीसमोर बसलेल्या अठरा वर्षांच्या मुलीनं, प्रवेशाची मुदत आठवड्यावर आलेली असताना, घटनात्मक युक्तिवाद का करत बसावा? शिवाय २६ नोव्हेंबर २०२४च्या सेल्वराणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं धर्म आणि आरक्षण यांच्या जोडणीवर कडक भूमिका घेतली. तिथं मुद्दा ख्रिस्ती आचरण आणि हिंदू असल्याचा दावा असा होता, म्हणजे तुमच्याहून वेगळा. पण समित्या निकालाचा मथळा वाचून शंका काढतात.

अनुसूचित जमातींच्या आदेशात धर्माची अशी अट नाही. इतर मागासवर्गाच्या यादीतही नाही. महाराष्ट्राच्या यादीत मुस्लिम समाजातल्या अनेक जाती आहेतच.

दुसरं म्हणजे धर्म आणि जात हे दोन वेगळे रकाने आहेत आणि ते वेगळेच ठेवायचे. धर्म ‘कोणताही नाही’ लिहिणारे पालक उत्साहात जातही ‘नाही’ लिहून टाकतात. पडताळणीत वाडवडिलांचे जुने पुरावे लागतात: अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचे, जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचे, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचे, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचे. आजोबांचा पुरावा आणि मुलीचा दाखला यांच्यामधल्या कडीत ‘जात: नाही’ असं आलं तर समिती पहिलं बोट तिथंच ठेवते.

आंतरधर्मीय किंवा आंतरजातीय लग्नातल्या मुलाला वडिलांचीच जात लागते असं कार्यालयात ठोकून सांगतात. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये रमेशभाई नाईका प्रकरणात म्हटलंय की वडिलांच्या जातीचं गृहीतक धरलं तरी ते खोडता येतं. मूल कोणत्या समाजात वाढलं आणि त्याला काय सोसावं लागलं, हे पुराव्यानं पाहायचं. म्हणजे आईची जातही लागू शकते, पण पुरावा जमवायचं काम तुमचं.

दोन्ही घरं खुल्या प्रवर्गातली असतील तर वरचं सगळं विसरा, बिनधास्त लिहा. फक्त अल्पसंख्याक शिष्यवृत्ती मिळणार नाही. ती मुस्लिम, ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन या सहा समाजांनाच आहे, आणि त्यासाठी धर्माची घोषणा द्यावी लागते. एका अर्जात ‘नाही’ आणि दुसऱ्यात ‘आहे’ असं करू नका, ते अंगाशी येतं.

---

पोटनियम

वारसाहक्काची धास्ती बहुतेकांना असते. या धाग्यातल्या जोडप्याच्या बाबतीत तर ती अगदीच निराधार आहे.

विशेष विवाह कायद्याचं कलम २१ सांगतं: या कायद्याखाली लग्न झालेल्यांची आणि त्या लग्नातून झालेल्या अपत्यांची मालमत्ता १९२५च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं वाटली जाईल. शाळेच्या रजिस्टरात काय लिहिलंय याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. मृत्युपत्र न करता एक जोडीदार गेला तर हयात जोडीदाराला एक तृतीयांश, मुलांना दोन तृतीयांश. मुलगा-मुलगी भेद नाही. अपवाद कलम २१-अ: नवरा-बायको दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे लागू होत नाही, हिंदू उत्तराधिकार कायदाच चालतो. धागाकर्त्यांनी कोणते दोन धर्म ते लिहिलेलं नाही, तेवढं तपासून घ्या. एक हिंदू आणि एक बौद्ध असेल तर तुम्ही अपवादात बसता.

एक खोच मात्र खरी आहे. विशेष विवाह कायद्याच्याच कलम १९ प्रमाणे एकत्र कुटुंबातली हिंदू व्यक्ती या कायद्याखाली अन्य धर्मीयाशी लग्न करते तेव्हा ती त्या एकत्र कुटुंबातून विभक्त झाली असं धरतात. तिचा हिस्सा जात नाही, विभक्त होतो. गावाकडच्या सातबाऱ्यावर एकत्र कुटुंबाची नावं असतील तर हे आत्ताच वकिलाला दाखवा. ते लग्नाच्या दिवशीच घडून गेलंय, मुलीच्या अर्जानं नव्हे.

जाता जाता: विशेष विवाहाच्या नोटिशीच्या नमुन्यात नाव, स्थिती, व्यवसाय, वय, राहण्याचं ठिकाण आणि वास्तव्याचा काळ एवढंच विचारतात. धर्माचा रकानाच नाही. पासपोर्ट, आधार आणि मतदार नोंदणीतही नाही. जन्माच्या नोंदणीत विचारतात, पण ती माहिती सांख्यिकी भागात राहते, जन्मदाखल्यावर छापून येत नाही. म्हणून कुणी ‘जन्मदाखल्याशी जुळत नाही’ म्हटलं तर दाखला काढून समोर ठेवा. त्यावर धर्म असतोच कुठे?

---

कलमकसाई

पाचव्या प्रश्नाकडे कुणी वळलं नाही, म्हणून परत.

संविधानाचं कलम २८(३) वाचा. राज्यानं मान्यता दिलेल्या किंवा राज्याचं अनुदान घेणाऱ्या शाळेत कुणालाही धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही, त्याची स्वतःची संमती असल्याशिवाय. अज्ञान मुलाच्या बाबतीत पालकाची. ‘किंवा’ महत्त्वाचा आहे, म्हणजे विनाअनुदानित शाळाही यात आली. आणि संमती शाळेनं घ्यायची असते. पालकांनी हरकत घेतली नाही म्हणजे संमती, असं कलमात लिहिलेलं नाही. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत तर २८(१) प्रमाणे धार्मिक शिक्षण देताच येत नाही.

महाराष्ट्रातलं प्रकरण शिक्षकाचं आहे, नाशिकमधलं. प्रार्थनेच्या वेळी हात जोडून उभं राहायला नकार दिला म्हणून संजय साळवे या शिक्षकांची वरिष्ठ वेतनश्रेणी अडवली गेली. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला: हात जोडायची सक्ती हा मूलभूत हक्कावर घाला आहे. शिक्षकावर सक्ती नाही तर सहा वर्षांच्या मुलीवर कशी होईल?

राष्ट्रगीताचं वेगळं आहे, ते मिसळू नका. ११ ऑगस्ट १९८६च्या बिजो इमॅन्युएल निकालात केरळातल्या तीन भावंडांना शाळेनं काढून टाकणं सर्वोच्च न्यायालयानं रद्द केलं. ती मुलं राष्ट्रगीत गात नव्हती, पण आदरानं उभी राहत होती, आणि निकाल त्यावरच टेकलाय. म्हणून मागणीही त्याच मापाची करा: ‘मुलगी परिपाठाला हजर राहील, रांगेत शांत उभी राहील, प्रार्थनेला हात जोडणं किंवा म्हणणं यातून तिला मोकळीक द्यावी.’ परिपाठच नको असं म्हणू नका. त्यात बातम्या, दिनविशेष, प्रतिज्ञाही असते, आणि मूल एकटं वर्गात बसवून ठेवणं ही वेगळीच शिक्षा होते.

कोणती प्रार्थना ‘धार्मिक’ हा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही. केंद्रीय विद्यालयांतल्या प्रार्थनेचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. तुम्हाला त्या वादात पडायची गरज नाही. आपल्या मुलीपुरती संमती नाही, इतकं लेखी पुरतं.

---

कोरी_पाटी

सगळ्यांचे आभार, खूपच नेमकं मिळालं. दोन्ही घरं खुल्या प्रवर्गातली आहेत आणि कलम २१-अ च्या अपवादात आम्ही बसत नाही, म्हणजे ती काळजी मिटली. दोन शंका: (अ) आम्ही दोघांनी स्वतःसाठी राजपत्रात ‘धर्म नाही’ छापून घ्यावं का? (ब) जनगणनेला घरी आले की तिथंही असंच म्हणता येतं का? तिथं उत्तर न देणं गुन्हा आहे असं ऐकलं.

---

पोटनियम

(अ) गरज नाही. राजपत्र हा पुरावा आहे, धर्म सोडण्याची ती अट नाही. राज्याच्या मुद्रण संचालनालयाच्या संकेतस्थळावर नावबदल, जन्मतारीखबदल, धर्मबदल असे अर्ज आहेत. धर्मबदलासाठी साधारणपणे धर्मांतर करवणाऱ्या संस्थेचा दाखला मागतात. धर्म सोडणाऱ्याला तो कोण देणार? २०१४चं प्रकरण नेमकं इथंच अडलं होतं. हवंच असेल तर दोघांचं स्वतंत्र प्रतिज्ञापत्र आणि निकालाची प्रत जोडा, नाकारलं तर लेखी कारण मागा. पण मुलीच्या प्रवेशाचं घोडं त्यासाठी अडवू नका.

(ब) बरोबर ऐकलंत, अर्धंच. १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम ८ प्रमाणे विचारलेल्या प्रश्नाचं आपल्याला ठाऊक असेल तसं उत्तर देणं बंधनकारक आहे. पण ‘कोणताही नाही’ हे उत्तरच आहे. दार लावून घेणं वेगळं आणि ‘धर्म नाही, तसं लिहा’ सांगणं वेगळं. प्रगणकानं तुम्ही सांगाल ते लिहायचं असतं, आडनावावरून नाही. २०११च्या जनगणनेत धर्म न सांगितलेल्यांची संख्या २८ लाखांहून अधिक होती, म्हणजे लोकसंख्येच्या ०.२४ टक्के. पुढची मोजणी २०२७ मध्ये आहे आणि तीत जातही विचारणार आहेत. तिथंही धर्म आणि जात हे दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा. जनगणनेतली वैयक्तिक माहिती गोपनीय असते, शाळेला किंवा तहसीलला ती मिळत नाही.

---

आवकजावक

एक राहिलं. प्रवेश झाल्यावर साधारण महिन्याभरात जनरल रजिस्टर लिहून होतं. तेव्हा मुख्याध्यापकांकडे मुलीच्या नोंदीचा उतारा मागा, साक्षांकित. बोनाफाइड नको; त्यावर कधी धर्म असतो, कधी नसतो. उताऱ्यात ‘कोणताही नाही’ दिसलं की काम झालं. दुसरंच काही दिसलं तर त्याच आठवड्यात दुरुस्तीचा अर्ज द्या आणि आपलं आवक क्रमांकाचं पत्र जोडा. मूल शाळेत असताना दुरुस्ती शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेनं होते. शाळा सोडल्यावर मात्र माध्यमिक शाळा संहितेचा नियम २६.४ आडवा येतो: उघड दिसणारी चूक तेवढी दुरुस्त करता येते. लिपिकानं आपल्या मनानं लिहिलेलं ‘उघड चूक’ म्हणून पटवायचं असेल, तर प्रवेशाच्या दिवशीचं ते शिक्का मारलेलं पत्र लागेल. म्हणून ते जन्मदाखल्याच्याच फाइलीत ठेवा.

शाळा बदलली तर नव्या शाळेतही हाच उतारा पुन्हा मागायचा. दाखल्यावर ‘कोणताही नाही’ असलं तरी दुसरा लिपिक दुसरं रजिस्टर लिहीत असतो.